ब्लू रॅमचं हरवलेलं काउंटर

"ग्रिम्सडेल शहराच्या अंधाऱ्या भूतकाळात कंदील घेऊन शिरणारे एकमेव संशोधक, ज्यांच्या नजरेतून मुंगीही सुटत नाही आणि ज्यांच्यापुढे थडगीसुद्धा तोंड उघडतात, असे सुप्रसिद्ध इन्स्पेक्टर (निवृत्त) क्लिफर्ड ओल्डरॉइड येत्या शनिवारी चॅपलच्या हॉलमध्ये 'ब्लू रॅमचं काउंटर कुणी पळवलं?' या प्रश्नाचा कायमचा निकाल लावतील. चहा-बिस्किटं मोफत."

हे निवेदन क्लिफर्डनं स्वतःच लिहिलं होतं. 'सुप्रसिद्ध' हा शब्द त्यानं एकदा लाजून खोडला होता. मग दुसरं कुणी आपल्यासाठी तो लिहील ही शक्यता तपासून पाहिली, आणि पुन्हा लिहिला.

त्याची बायको मॉरीन हिनं तो कागद दोनदा वाचला.

"यातलं खरं काय आहे?"

"सगळंच."

"चहा-बिस्किटं खरी आहेत. कारण ती मी करणार आहे."

'इन्स्पेक्टर' हेही खोटं नव्हतं. कुठल्या खात्याचा, हे लिहायला जागा उरली नाही, एवढंच. क्लिफर्डनं सारा जन्म शहर बससेवेत तिकिटं तपासली होती. बिनतिकीट माणूस त्याला चेहऱ्यावरून ओळखता येतो असा त्याचा दावा होता, आणि तसे ओळखून त्यानं दोन पाद्री, एक नगराध्यक्ष आणि स्वतःची सासू यांना बसमधून खाली उतरवलं होतं. चौघांकडेही तिकिटं निघाली. पण अशा किरकोळ गोष्टींनी खचून जाणाऱ्यांतला क्लिफर्ड नव्हता.

निवृत्तीनंतर त्यानं ब्लू रॅमचा, म्हणजे 'निळा मेंढा' नावाच्या पबचा, इतिहास लिहायला घेतला. शहराच्या ऐन मध्यावर, लोकरबाजाराच्या चौकात हा पब दोनशे वर्षं उभा होता. त्याच्या दाराला मेंढे बांधून सौदे ठरले, त्याच्या माडीवर विणकरांनी संपाच्या शपथा घेतल्या, आणि त्याच्या पायऱ्यांवर गावातली निम्मी लग्नं जुळली आणि उरलेली मोडली. क्लिफर्ड शाळेत असताना नगरपालिकेनं तो पाडून तिथं बहुमजली वाहनतळ बांधला. त्या वाहनतळाइतकी कुरूप वास्तू आसपासच्या चार गावांत नव्हती, आणि त्या चार गावांनीही कमी प्रयत्न केले नव्हते.

या इतिहासकाराची एकच अडचण होती. तो आयुष्यात कधी कुठल्याही पबमध्ये गेला नव्हता. ओल्डरॉइड घराणं कट्टर चॅपलवालं, म्हणजे दारू निषिद्ध मानणाऱ्या साध्या प्रार्थनामंदिराचं. सात वर्षांचा असताना वडिलांनी, इझ्रा ओल्डरॉइडनी, त्याला दारूला न शिवण्याची शपथ घ्यायला लावली होती. दारू म्हणजे काय हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं ठाऊक नव्हतं. ग्रिम्सडेलमध्ये माणसं दोन जातींची असत, चॅपलची आणि पबची. एकमेकांच्या लग्नाला ती रस्त्याच्या पलीकडून हात करत.

"पोहता न येणाऱ्या माणसानं समुद्रावर पुस्तक लिहायचं म्हणजे कमालच आहे," मॉरीन म्हणे.

"त्यामुळे माझी दृष्टी निःपक्षपाती राहते."

"कोरडी राहते."

पुस्तक जवळजवळ पूर्ण होतं. अडलं होतं ते शेवटच्या प्रकरणावर. ब्लू रॅमचं काउंटर हे शहराचं वैभव. अख्ख्या लालसर मॅहॉगनी लाकडाचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब, एका जहाजसुतारानं घडवलेलं. पब रिकामा झाला तेव्हा ते आत होतं. इमारत पाडून झाली तेव्हा नव्हतं. पबची मालकी ज्या दारूभट्टीची होती तिनं चौकशी केली, आणि पब चालवणाऱ्या जो शटलवर्थवर ठपका ठेवला, की त्यानंच ते गुपचूप विकून खाल्लं. खटला झाला नाही, पुरावा मिळाला नाही. पण जोला पुन्हा कुणी पब चालवायला दिला नाही. मरेपर्यंत तो बस डेपोत झाडू मारत होता. क्लिफर्ड ज्या बसेसची तिकिटं तपासायचा, त्याच बसेस संध्याकाळी जो शटलवर्थ झाडायचा. दोघांचं बोलणं कधी "पाय वर घ्या साहेब" याच्या पुढे गेलं नाही.

क्लिफर्डनं तपास शास्त्रशुद्ध पद्धतीनं सुरू केला, म्हणजे निष्कर्षापासून.

त्याचा पहिला सिद्धान्त भुयाराचा. इंग्लंडमधल्या प्रत्येक जुन्या पबपासून चर्चपर्यंत भुयार असतं, असं प्रत्येक गावातला प्रत्येक म्हातारा सांगतो. तेव्हा काउंटर भुयारात दडवलेलं असणार. छत्री घेऊन क्लिफर्ड वाहनतळाच्या तळघरात उतरला आणि भिंती ठोकू लागला. थोड्याच वेळात रखवालदार आला.

"काका, गाडी कुठं लावलीत?"

"माझ्याकडे गाडी नाही."

"मग इथं काय करताय?"

"पब शोधतोय."

रखवालदारानं त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन हुंगलं. "सापडलेला दिसत नाही," असं म्हणून त्यानं क्लिफर्डला दंडाला धरून उजेडात आणून सोडलं. घरी आल्यावर मॉरीननं विचारलं, की भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब काउंटर त्या भुयाराच्या वळणातून नेलं कसं? क्लिफर्ड म्हणाला की हा प्रश्न त्याच्या मनात आधीच आला होता. तो आला नव्हता.

दुसरा सिद्धान्त खाटिक टॉर्डॉफचा. ज्या वर्षी पब पडला त्याच वर्षी थोरल्या टॉर्डॉफनं दुकान नवं केलं होतं. पैसा कुठून आला? लाकूड कुठून आलं? क्लिफर्ड मापाची टेप घेऊन टॉर्डॉफच्या दुकानात शिरला आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत गुडघे टेकून त्यानं दुकानाचं काउंटर मोजलं. मग ते खरवडून बघितलं.

"काय चाललंय?" धाकट्या टॉर्डॉफनं सुरा हातात धरूनच विचारलं.

"हे मॅहॉगनी नाही," क्लिफर्ड वरमून म्हणाला.

"संगमरवर आहे. गोरं दिसतंय म्हणून शंका आली नाही वाटतं?"

त्या दिवसापासून ओल्डरॉइडांच्या घरी येणाऱ्या सॉसेजमध्ये मांस कमी आणि पाव जास्त येऊ लागला. मॉरीननं ही गोष्ट मनावर घेतली. भुयार तिनं सोसलं होतं, पण सॉसेज हा संसाराचा प्रश्न होता.

मग क्लिफर्डनं एका रविवारी संशयितांची नावं मॉरीनपुढे मोठ्यानं गाळत आणली. टॉर्डॉफ नाही. भुयार नाही. इमारत पाडणारे मजूर नाहीत, कारण ते परगावचे होते आणि त्यांची नावं मिळत नव्हती. उरला एकटा जो शटलवर्थ. मोठे गुप्तहेर असंच करतात, बाकीचे गेले की उरलेला तो गुन्हेगार. यात दोष एवढाच, की बाकीचे पुरावा नव्हता म्हणून गेले होते आणि जोविरुद्धही पुरावा नव्हता. हे क्लिफर्डला कळत नव्हतं असं नाही. पण शनिवारचं व्याख्यान जाहीर झालं होतं, आणि सोमवारी पुस्तक छापखान्यात जायचं होतं. निकाल नसलेल्या व्याख्यानाला बिस्किटांसाठीसुद्धा कुणी आलं नसतं.

गुरुवारी सकाळी दाराची घंटा वाजली. पायरीवर एक उंच, ताठ म्हातारी उभी होती. हातात काठी, पण ती टेकायला नसून वेळ पडल्यास वापरायला असावी असं वाटत होतं.

"मी बेरिल शटलवर्थ. जोची मुलगी."

क्लिफर्डनं नकळत एक पाऊल मागं घेतलं.

"माझा बाप चोर होता असं छापतोयस म्हणे. टॉर्डॉफच्या दुकानात ऐकलं मी."

"म्हणजे, पुरावे तसं सुचवतात, मिस शटलवर्थ."

"कुठले पुरावे?"

"दुसरं कुणी उरत नाही."

"तू उरतोस की. तू होतास ना गावात?"

"मी अकरा वर्षांचा होतो!"

"चोरांची सुरुवात त्याच वयात होते."

आतून मॉरीनच्या हसण्याचा आवाज आला. बेरिलनं मात्र ओठाचा कोपरासुद्धा हलवला नाही.

"हे बघ पोरा," ती म्हणाली, "मी त्या काउंटरमागं वाढले. चालायला त्याच्या आधारानं शिकले. बाबांनी जाताना त्याला शेवटचं पॉलिश केलं, आणि पाडायच्या आदल्या दिवशी टोपी काढून त्याला नमस्कार करून आले. विकणारा माणूस असं करतो का? आजवर गावात लोक कुजबुजले. त्याचं मला काही नाही, कुजबुजणारे एकेक करून मरतायत. पण पुस्तक मरत नाही. तू छापलंस की ते खरं होऊन बसेल."

क्लिफर्डनं आयुष्यात बऱ्याच जणांना बसमधून उतरवलं होतं, पण इतकं खाली त्याला कुणी उतरवलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "तुम्ही शनिवारी या ना. तुमची बाजू मांडा."

"चॅपलमध्ये? मी? एकदा जत्रेची तिकिटं विकायला आले होते, तर तुझ्या बापानं पायरीवरूनच हाकललं होतं मला. आत पाऊल टाकलेलं नाही कधी."

"आता तसं काही राहिलेलं नाही."

"चहा कसा असतो?"

"कोमट," मॉरीन आतून म्हणाली. "आणि पावसाळी."

ते अगदी खरं होतं. हॉलच्या एका टोकाला तपकिरी रंगाचं लांबच लांब चहाचं टेबल होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यामागं स्वयंपाकघर. टेबलाला जायला-यायला वाट नव्हती, म्हणून बायकांना ट्रे घेऊन मागच्या दारानं अंगणात, अंगणातून गल्लीत आणि गल्लीतून पुढच्या दारानं हॉलमध्ये यावं लागे. एकजण ट्रे धरी, दुसरी किटलीवर छत्री धरी. मॉरीनला दर हिवाळ्यात यामुळं खोकला होई. कपाचे कान धरून टेबलावरून पलीकडे द्यायलाही वडीलधाऱ्यांची मनाई होती, कारण ते पबसारखं दिसतं. कष्टातच पुण्य असतं, असं चॅपलचे लोक समजत.

शनिवारी हॉल भरला. टॉर्डॉफ आला होता, बहुधा बदनामीचा दावा लावता येतो का ते बघायला. पहिल्या रांगेत सिरिल होल्ट बसले होते. ते नव्वदीचे, चॅपलचे सर्वांत जुने विश्वस्त, क्लिफर्डच्या वडिलांचे जिवलग मित्र. लहानपणापासून क्लिफर्ड त्यांना सिरिलकाका म्हणे. आणि ठरल्या वेळेला बेरिल शटलवर्थ आली. तिनं उंबऱ्यापाशी क्षणभर थांबून वर पाहिलं, छत कोसळत नाही याची खात्री केली आणि आत पाऊल टाकलं.

व्याख्यानाआधी चहा असा रिवाज होता. बाहेर पाऊस लागला होता. मॉरीन आणि तिची मैत्रीण ट्रे-छत्री घेऊन अंगणाकडे निघायच्या तयारीत होत्या. क्लिफर्ड व्यासपीठावर घसा खाकरत मनातल्या मनात शेवटचं वाक्य घोळवत होता: "तर मंडळी, सत्य कितीही कटू असलं तरी." त्याच्यापुढचं त्याला आठवेना. खरं म्हणजे आठवत होतं, पण पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या त्या ताठ म्हातारीकडे बघून ते मनातल्या मनातही म्हणवेना.

बेरिल उठली. चहा आणायला म्हणून ती सरळ चहाच्या टेबलापाशी गेली. उजव्या टोकाशी पोचल्यावर, बोलता बोलता माणूस आपल्या घराची कडी काढतो तितक्या सहज, तिनं टेबलक्लॉथ बाजूला सारला, कडेखाली हात घातला आणि गुडघ्यानं खालून एक दणका दिला.

कडकन आवाज झाला. तपकिरी रंगाचे पापुद्रे उडाले, आणि टेबलाचा तुकडा झाकणासारखा वर उचलला गेला. बेरिल त्यातून पलीकडे गेली, झाकण खाली टाकलं, आणि दोन्ही तळवे टेबलावर टेकून उभी राहिली.

मॉरीनच्या हातात छत्री उघडीच होती.

"हे उघडतं?" ती कशीबशी म्हणाली. "देवा रे, हे उघडतं?"

"नेहमीच अडकायचं," बेरिल म्हणाली. "गुडघा लावावा लागतो." आणि मग, आपण कुठं उभे आहोत हे तिचं तिलाच उमगलं असावं. तिनं मधोमध येऊन, टेबलावरून पुढं वाकून दर्शनी फळीवर हात फिरवला. तिथं एक तपकिरी उंचवटा होता. "आणि हा आमचा मेंढा. शिंगं आहेत अजून. निळा होता रे हा. कुणी माखलं याला?"

त्या उंचवट्याला चॅपलची मुलं पन्नास वर्षं देवाचं कोकरू, म्हणजे येशूचं प्रतीक, म्हणून वंदन करत आली होती. रविवारच्या शाळेत एका मुलानं एकदाच विचारलं होतं, की कोकराला शिंगं कशी? त्याला कान धरून बाहेर काढण्यात आलं. तो मुलगा क्लिफर्ड होता. आयुष्यातला एकमेव बरोबर प्रश्न त्यानं अकराव्या वर्षी विचारला होता, आणि त्यानंतर दुसऱ्यांदा विचारायची तसदी घेतली नव्हती.

तो व्यासपीठावरून उतरला. रंगाचा एक पापुद्रा उचलून त्यानं पाहिला. एका बाजूनं तपकिरी, दुसऱ्या बाजूला लालसर लाकडाचा कपचा. तो तपकिरी रंग त्याला ओळखीचा होता. इझ्रा ओल्डरॉइडनी एकदा रेल्वेचा उरलेला रंग पिंपभर स्वस्तात आणला होता, आणि तो संपेपर्यंत दिसेल ती वस्तू त्यात रंगवली होती. कोळशाची पेटी, पाळणा, शौचालयाचं दार, आजीची काठी. क्लिफर्ड त्या रंगात लहानाचा मोठा झाला होता. हॉलमधली प्रत्येक वस्तू वडिलांनी आणली आणि वडिलांनीच रंगवली, हे तर बालवाडीतल्या पोरालाही माहीत होतं. गुप्तहेराच्या आयुष्यातला पहिला अचूक निष्कर्ष आपण होऊन त्याच्या हातात पडला होता, आणि तो त्याला मुळीच नको होता.

"सिरिलकाका," त्यानं विचारलं, "हे बाबांनी आणलं?"

सिरिलकाकांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"पब पाडणारे मजूर ते जाळायला निघाले होते रे," ते म्हणाले. "एवढं सोन्यासारखं लाकूड. इझ्रा म्हणाला, आपल्या हॉलला चहाचं टेबल होईल. मी आणि तो, हातगाडीवर घालून आणलं. त्यात पाप नव्हतं काही. मजुरांना तंबाखूला पैसेसुद्धा दिले."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगणार? दारूबंदीच्या चॅपलमध्ये दारूच्या गुत्त्याचं काउंटर! गाव हसलं असतं. म्हटलं, रंग दिला की झालं. मग दारूभट्टीनं चौकशी काढली, जोचं नाव घेतलं. आम्ही म्हटलं, आठवड्याभरात निवळेल. निवळलं नाही. आणि जसजसा उशीर झाला तसतसं सांगणं जास्तच अवघड होत गेलं."

"बाबांनी तर त्यावर प्रवचन दिलं होतं," क्लिफर्ड म्हणाला. "दारूच्या घरात चोरी पिकते, असं काहीतरी."

"हो. फार सुंदर झालं होतं," सिरिलकाका म्हणाले, आणि रडू लागले.

क्लिफर्डला ते प्रवचन आठवत होतं. पहिल्या रांगेत बसून त्यानं वडिलांकडे किती अभिमानानं पाहिलं होतं, तेही. वडिलांनी या टेबलाशेजारी उभं राहून बोलावं, आणि म्हाताऱ्या जो शटलवर्थनं रोज संध्याकाळी बसच्या बाकांखालून कागद काढत राहावं. आणि आपण? आपण तेच प्रवचन पुन्हा छापायला निघालो होतो, आणि वर इन्स्पेक्टर म्हणवून घेत होतो. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की नेहमीप्रमाणे स्वतःवर हसणंही त्याला जमेना.

"क्लिफर्ड," मॉरीन हलकेच म्हणाली, "लोक बसलेत."

तो व्यासपीठावर गेला नाही. काउंटरच्या अलीकडे, बेरिलच्या समोर उभा राहिला. इतक्या वर्षांत एखाद्या काउंटरपाशी असा उभा राहायची त्याची पहिलीच वेळ होती, हात कुठं ठेवायचे ते कळेना.

"मंडळी," तो म्हणाला, "जो शटलवर्थ यांनी काउंटर चोरलं नव्हतं. ते माझ्या वडिलांनी इथं आणलं. आणि गाव जो यांना चोर म्हणत होतं, तेव्हा माझे वडील गप्प बसले. नुसते गप्प बसले असते तरी बरं झालं असतं, पण त्यांनी वर त्यावर प्रवचन दिलं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मी आज रात्रीच बदलतो. माझ्या वडिलांचं नाव त्यात असेल, पूर्ण नाव."

टॉर्डॉफनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

बेरिल बराच वेळ काउंटरच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. तिचा चेहरा तसाच ताठ होता, फक्त हनुवटी तिच्या ताब्यात राहिली नव्हती.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"कुठलं?"

"पहिलं वाक्य."

"जो शटलवर्थ यांनी काउंटर चोरलं नव्हतं."

"जरा मोठ्यानं म्हण पोरा," बेरिल म्हणाली. "बाबांना शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं."

क्लिफर्डनं श्वास भरून घेतला आणि मोठ्यानं म्हटलं.